कुरडयांची निवळ आणि छावणीचा पाव

८ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेनं नगरची पेठ घेतली आणि चार दिवसांनी, १२ तारखेला, भुईकोट किल्ला पडला. आम्हा नगरकरांना हा इतिहास तोफा, खंदक आणि फितुरी यांच्यासकट शाळेतच पाठ झालेला असतो. पण फौज येते तेव्हा तिचं अन्नही बरोबर येतं, आणि त्याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही. गोऱ्या सोल्जरला ज्वारीची भाकरी चालत नव्हती. एकोणिसाव्या शतकात त्याच्या रोजच्या शिध्यात एक पौंड पाव आणि मांस ठरलेलं असे. पुढे किल्ल्याच्या पलीकडे, भिंगारच्या अंगाला, छावणी कायमची वसली. म्हणजे जितके गोरे शिपाई, तितके पौंड पाव रोज पहाटे नगरच्या मातीवर भाजून निघायलाच हवे होते.

मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. त्यामुळे हे वाचताना मला पहिला प्रश्न पडला तो असा की हा पाव फुगत कशानं होता? आज बेकरीत वापरतात ते यीस्ट तेव्हा बाजारात नव्हतंच. किण्वन हे जिवंत सूक्ष्मजीवांचं काम आहे हे लुई पाश्चरनं १८५७ ते १८६० या काळात दाखवून दिलं. दाबून वड्या केलेलं यीस्ट अमेरिकेत सिनसिनाटीला फ्लाइशमन बंधूंनी १८६८ मध्ये विकायला काढलं. पाकिटातलं कोरडं यीस्ट तर दुसऱ्या महायुद्धाची देणगी. त्याआधी हजारो वर्षं माणसानं पाव खाल्ला तो रानटी यीस्टच्या जिवावर. धान्याच्या सालीवर, फळांच्या कातडीवर आणि फुलांच्या मधात आपोआप वस्तीला असलेले हे जीव आहेत.

दख्खनच्या पावाची सुरुवात इंग्रजांपासून धरली तर ते चुकेल, हे इथेच सांगून टाकते. नगर शहर मलिक अहमद निजामशहानं वसवलं, १४९० च्या दशकात. त्याच्या वंशजांच्या दरबारात इराणहून आलेले विद्वान आणि सरदार होते. बुऱ्हाण निजामशहाला शिया पंथाकडे वळवणारा शाह ताहिर त्यांतलाच. ज्या मुलखातून ही माणसं आली तिथे तंदुरातली नान हे रोजचं अन्न. शेजारच्या संभाजीनगरात नान-खलियाची परंपरा लोक थेट मुहम्मद तुघलकाच्या दौलताबादेपर्यंत, म्हणजे १३२७ पर्यंत मागे नेतात. नानवाई आदल्या दिवसाच्या कणकेचा गोळा राखून ठेवतो, त्याला खमीर म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशीची कणीक त्यावर उठवतो. जगात आज ज्याला सावरडो म्हणतात तो हाच कारभार. तेव्हा फुगलेली रोटी दख्खनला नवी नव्हती. नवा होता तो वडीसारखा उंच, मऊ पोटाचा पाव, आणि तो आणला पोर्तुगिजांनी.

गोव्यात पोर्तुगिजांना गहू मिळाला, भट्टी बांधता आली, पण घरचं खमीर टिकेना. मग त्यांनी माडाची सूर वापरली. माडाची पोय छेदली की रस गळतो, त्यात साखर असते, आणि झाडावर टांगलेल्या मडक्यातच रानटी यीस्ट त्यात शिरून तो फसफसायला लागतो. सकाळची सूर कणकेत घातली की संध्याकाळी पाव तयार. साष्टीतल्या माजोर्ड्याच्या लोकांना जेझुइट पाद्र्यांनी हे काम शिकवलं असं गोव्यात सांगतात. पुढे हेच पदेर, म्हणजे पाववाले, मुंबईला गेले आणि त्यांच्याबरोबर ताडीवर पाव उठवायची रीत गेली. उंडो, पोयी, कांकण ही सगळी त्या सुरेची अपत्यं. गोव्यात आता बहुतेक भट्ट्यांनी सूर सोडली आहे. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण सुरेच्या पावाला जी किंचित आंबूस गोडी असते ती पाकिटातल्या यीस्टला येत नाही.

घाटावर माड नाहीत, पण शिंदी आहे. आमच्याकडे ओढ्याकाठी अजूनही शिंदीची झुडपं दिसतात आणि त्यांचाही रस तसाच फसफसतो. इंग्रजी गृहिणींना मात्र ताडीवरचा पाव कधी आवडला नाही. मद्रासेतल्या कर्नल केनी-हर्बर्ट यांचं ‘क्युलिनरी जॉटिंग्ज फॉर मद्रास’ हे पाकशास्त्राचं पुस्तक १८७८ मध्ये निघालं. त्यात ताडीच्या आंबट पावावर नापसंती आहे आणि बेकिंग पावडरची शिफारस. साहेबांच्या बंगल्यांतला तोडगा वेगळा होता. बटाटे उकडून त्यात पीठ, साखर आणि हॉप्स नावाच्या वेलीची वाळलेली फुलं घालायची आणि ते बाटलीत आंबवायचं. बाटलीचं बूच उडू नये म्हणून ते दोरीनं बांधून ठेवत. इंग्लंड-अमेरिकेतल्या गृहिणींना हे पिढ्यान्‌पिढ्या येत होतं, आणि हिंदुस्थानात छापलेल्या इंग्रजी गृहिणी-पुस्तकांतही ते सापडतं.

या सगळ्या काळात छावणीच्या तारेबाहेर, आमच्या घरांत काय चाललं होतं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

चैत्र लागला की नगर जिल्ह्यात, मग ते नेवासं असो, पाथर्डी असो की श्रीगोंदं, घरोघर कुरडयांचा घाट घातला जातो. माझं आजोळ नेवासे तालुक्यात. तिथे आजी गहू निवडून, धुऊन मोठ्या पितळी घंगाळात भिजत घालायची. तीन दिवस. रोज सकाळी वरचं पाणी ओतून नवं पाणी. पहिल्या दिवशी काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी घंगाळाच्या कडेनं बारीक फेस धरतो. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं की नाकात आंबट वास शिरतो, गहू बोटानं दाबला की आतून पांढरं दूध बाहेर येतं, आणि कान जवळ नेला तर बुडबुडे फुटल्याचा आवाजही येतो. चौथ्या दिवशी ते गहू वाटायचे, पंचातून गाळायचे, आणि चीक रात्रभर निवळायला ठेवायचा. सकाळी घट्ट पांढरा चीक तळाशी बसलेला असतो आणि वर पिवळसर, आंबट निवळ. ती निवळ गुरांच्या आंबोणात जायची. चीक मिठा-हिंगाच्या आधणात शिजायचा, सोऱ्यातून गच्चीवरच्या धुतलेल्या लुगड्यावर पडायचा, आणि आम्ही पोरं शिजलेला गरम चीक दूध-साखरेबरोबर ओरपायचो.

त्या घंगाळात काय चालत होतं ते मला कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली कळलं. गव्हाच्या सालीवरचे लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू पाण्यात आधी वाढतात. ते पाणी आंबट करतात. त्या आंबटपणात सडवणारे जीव मरतात आणि यीस्टला रान मोकळं मिळतं. आंबटपणामुळे गव्हातल्या प्रथिनांची पकड सुटते आणि स्टार्च वेगळा होतो. गव्हाच्या सालीवरच्या जिवाणूंची आणि यीस्टची जी जोडी पाश्चात्त्य घरातल्या आंबवणात असते, तशीच जोडी नेवाशाच्या घंगाळात दर चैत्रात जमत होती. १९७१ साली अमेरिकेत क्लाइन आणि सुगिहारा या दोन संशोधकांनी सान फ्रान्सिस्कोच्या प्रसिद्ध आंबट पावातले जीव ओळखले, तेव्हा तिथेही त्यांना असंच एक यीस्ट आणि असाच एक लॅक्टोबॅसिलस एकत्र नांदताना सापडले. पुढे त्या जिवाणूला त्या शहराचंच नाव मिळालं. नेवाशाच्या घंगाळातल्या जीवांना अजून कोणी नाव दिलेलं नाही.

आणि फक्त कुरडयाच नाहीत. अनारशासाठी तांदूळ तीन दिवस पाणी बदलत भिजतात. आंबील रात्रभर आंबते. जिलबीचं पीठ हलवाई आदल्या दिवशीच्या घोळावर आंबवतो, आणि सव्वीस जानेवारीला नगरच्या दुकानांपुढे ज्या जिलबीच्या रांगा लागतात ती जिलबी रानटी यीस्टच्याच कृपेनं जाळीदार होते. जिलबीची कृती सतराव्या शतकात रघुनाथ या महाराष्ट्रीय पंडितानं ‘भोजनकुतूहल’ या संस्कृत ग्रंथात लिहून ठेवली आहे. म्हणजे आंबवण्याची विद्या आम्हाला परकी नव्हती. माझं म्हणणं एवढंच आहे की मराठी घरात पावाचा प्राण आधीपासून होता, फक्त पावाला घरात येऊ दिलं गेलं नाही. त्याची कारणं सगळी स्वयंपाकघरातली नाहीत.

काही कारणं अगदी जमिनीतली आहेत. नगर हा पर्जन्यछायेचा जिल्हा. अकोल्याचा डोंगरपट्टा सोडला तर पाऊस बेताचा, आणि रब्बीचं मुख्य पीक ज्वारी. ज्वारीत ग्लुटेन नसतं. ग्लुटेन म्हणजे गव्हातला तो चिवट पदार्थ जो यीस्टनं सोडलेला वायू आपल्या जाळ्यात धरून ठेवतो आणि पावाला उंची देतो. ज्वारीचं पीठ कितीही आंबवलं तरी ते फुगून उभं राहणार नाही. म्हणून तर बायका ज्वारीच्या पिठाला उकळत्या पाण्याचं आधण देतात आणि भाकरी त्या चिकटपणावर थापतात. गहू हा सणाचा आणि पाहुण्यांचा. त्यातून सरपण. भट्टी तापायला लाकूड लागतं आणि ते भरपूर लागतं. कडब्याचे बुडखे, तुरकाठ्या, गोवऱ्या यांच्यावर दगडी चुलीला तवा तापतो, भट्टी तापत नाही. ज्या मुलखात जळण कमी तिथे पातळ रोटी, हे जगभर दिसतं.

पण प्रवरेच्या आणि गोदावरीच्या काठी गहू होता, बागायतदारांच्या वाड्यांत लाकूडही होतं. तिथेही पाव आला नाही, कारण त्या पावाला कोणाचा हात लागला आहे हा प्रश्न होता. भिजलेलं पीठ, त्यातलं पाणी आणि त्यातली ताडी परक्याच्या हातची असली की ते अन्न विटाळाचं ठरे. कोरडं धान्य कोणाकडूनही घेता येई, भाजलेला चणा चाले, पण पाण्यात कालवून भाजलेला पाव चालत नसे.

ही भीती किती खोल होती ते मुंबईच्या परमहंस मंडळीच्या गोष्टीत दिसतं. १८४९ मध्ये मुंबईतल्या सुशिक्षित तरुणांनी जातिभेद मोडण्यासाठी ही गुप्त सभा काढली. दादोबा पांडुरंग तिच्या मागे होते. सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. पावाचा एक तुकडा ही त्यांची दीक्षा होती! १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली, नावं उघड होण्याच्या धास्तीनं मंडळीच विस्कटली. देशातली एवढी बुद्धिमान माणसं, आणि शेजाऱ्याच्या हातचा पाव खाल्ला हे कळेल म्हणून त्यांना रात्र रात्र झोप नसावी, याचा विचार केला की आजही पोटात कालवतं. या सभेचा एक सभासद बाबा पदमनजी. तो पुढे ख्रिस्ती झाला, आणि त्याच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात या मंडळीची हकीकत आहे.

चाळीस वर्षांनीही फार फरक पडला नव्हता. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कोणी चहा प्याला, कोणी नुसताच हात लावला. गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि वर्ष-दोन वर्षं पुण्याचा जीव त्या चहात अडकला. शंकराचार्यांकडे तक्रार गेली, चौकशी बसली, प्रायश्चित्तं झाली. रानड्यांनीही १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. आज शाळेत हे प्रकरण चहाचं ग्रामण्य म्हणून शिकवतात. माझ्या मते चहाइतकाच दोष त्या बिस्किटांचा होता. ती कालवलेल्या पिठाची, ख्रिस्ती भट्टीत भाजलेली होती.

नगरला हा प्रश्न या दोन्ही प्रकरणांच्या आधीच दाराशी आला, कारण अमेरिकन मराठी मिशननं १८३१ च्या डिसेंबरात इथे ठाणं टाकलं. मिस सिंथिया फरार १८३९ मध्ये नगरला आल्या आणि त्यांनी मुलींची शाळा चालवली. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतले. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये नगरातच सुरू झाला. न्यू इंग्लंडहून आलेल्या या कुटुंबांच्या घरात पाव हे रोजचं अन्न होतं. ज्यांनी या मिशनचा धर्म घेतला त्यांच्यासाठी प्रभुभोजनातली भाकर म्हणजे एका ताटातून सगळ्यांनी घेतलेला तुकडा. ब्राह्मण, महार, मांग सगळ्यांनी. नगर आणि राहुरीच्या त्या जगात सोवळं कसं सुटत जातं ते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचावं. एका बाईच्या हातून घागर, तांब्या, चूल हे सगळं हळूहळू कसं मोकळं होत गेलं, याचा इतका प्रामाणिक दस्तऐवज मराठीत दुसरा नाही.

याच नगरात ज्यांच्या घरी आंबट पाव पिढ्यान्‌पिढ्या भाजला जातो अशी माणसं कैदी म्हणूनही येऊन राहिली. १९०१-०२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतले बोअर युद्धकैदी इथे आणले गेले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातले जर्मन नागरिक, त्यांत व्यापारी आणि मिशनरीही, नगरच्या छावणीत स्थानबद्ध झाले. १९३९ मध्ये पुन्हा तेच. हिमालयात गिर्यारोहणाला आलेला हाइनरिश हारर, जो पुढे तिबेटात पळून गेला, त्यालाही डेहराडूनच्या आधी नगरचंच पाणी प्यावं लागलं. जर्मनीचा राईचा काळा पाव घरच्या आंबवणाशिवाय होतच नाही, कारण राईच्या पिठाला आम्ल मिळालं नाही तर तो आतून चिकट राहतो. ज्या गावाच्या चार कोसांवर बायका दर चैत्रात गव्हाचं आंबट पाणी गुरांना घालत होत्या, त्याच गावात ही माणसं तारेआड दिवस काढत होती. दोन्हीकडच्यांना एकमेकांच्या घरातलं हे काही माहीत नव्हतं.

पाव आमच्या घरात आला तो पावाच्या रूपात नाहीच. तो नानकटाईच्या वाटेनं आला. माझ्या लहानपणी दिवाळीच्या आधी घरून रवा, मैदा, पिठीसाखर आणि वनस्पती तूप मोजून बेकरीत न्यायची पद्धत होती. बेकरीवाला आपल्यासमोर मळायचा, पत्र्याच्या ताटांत गोळे मांडायचा आणि लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं ती ताटं भट्टीत सारायचा. रांगेत डबे ठेवलेले असत, प्रत्येक डब्यावर चिकटवलेल्या कागदावर नाव. भट्टीचं तोंड उघडलं की तोंडावर झळ यायची आणि भाजक्या तुपाचा वास अंगभर बसायचा. सामान आपलं, हात त्याचा, भट्टी सगळ्यांची. ज्या आईनं बाहेरचं पाणी जपून प्यायलं होतं तीच आई ते डबे डोक्यावर घेऊन घरी आली आणि सोवळ्याओवळ्याचा शब्दही निघाला नाही. एकाच भट्टीत सकाळी पाव आणि दुपारी आमच्या नानकटाया भाजल्या जात. आमच्या घराचा उंबरठा पावानं ओलांडला तो त्या डब्यांतून, असं मी मानते.

तोवर रानटी यीस्टचे दिवस भरत आले होते. मुंबई राज्यात १९५० मध्ये पूर्ण दारूबंदी आली आणि ताडीही त्यात आली. १९६५ मध्ये केंद्र सरकारनं मॉडर्न बेकरीज काढली आणि कापलेला, मेणकागदात बांधलेला ब्रेड शहरांत पोचला. १९७२ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यानं अमेरिकेहून आलेला लाल मिलो खाल्ला, रोजगार हमीच्या खडीवर सुकडी खाल्ली, आणि रेशनच्या गव्हानं भाकरीच्या घरात चपाती रोजची केली. गहू सणाचा राहिला नाही. पण त्याच काळात बेकऱ्यांत पाकिटातलं यीस्ट आलं. चार-पाच तासांत पाव तयार होऊ लागल्यावर रात्रभर आंबवण राखायला कोण बसतं?

आणि यीस्टचं अन्न कोणतं? मळी. पाव फुगवणारं यीस्ट कारखान्यात उसाच्या मळीवर वाढवतात. हे कळलं तेव्हा मला जिल्ह्याच्या सगळ्या इतिहासाची गाठ एका जागी पडल्यासारखं वाटलं. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस पसरला. श्रीरामपूरजवळ टिळकनगरला १९३३ मध्ये साखर कारखाना उभा राहिला. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी कारखाना १९५० मध्ये सुरू झाला, आणि त्याच्या मागोमाग जिल्हाभर चिमण्या उभ्या राहिल्या. कारखाना आला की आसवनी आली, आणि आसवनीच्या टाक्यांत मळी आंबवतं ते यीस्टच. लोणी, कोपरगाव, श्रीरामपूर या पट्ट्यातून रात्री गाडीनं जाताना जो गोड-आंबट वास येतो तो टाक्यांतल्या अब्जावधी यीस्टच्या श्वासाचा आहे. ज्वारीचा जिल्हा उसाचा झाला, आणि ज्या यीस्टला त्यानं घरात ओळखलं नाही ते त्याच्या कारखान्यांत पगारी नोकरासारखं राबायला लागलं.

निवृत्तीनंतर मी घरी पाव भाजायला लागले. परदेशी पुस्तकं सांगतात की पीठ आणि पाणी कालवून आठवडाभर रोज नवं पीठ घालत राहा, म्हणजे आंबवण जिवंत होतं. ते होतंच. पण एका चैत्रात वहिनीकडे कुरडया घालत होत्या, तेव्हा मी चिकावरची निवळ बाटलीत भरून आणली, तेवढंच लोकवन गव्हाचं पीठ त्यात कालवलं आणि चिनी मातीच्या बरणीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी पीठ दुप्पट झालं होतं. आठवड्याचं काम कुरडयांनी आधीच करून ठेवलं होतं. वास दह्यासारखा, मागे थोडा पिकल्या केळ्यासारखा. ती बरणी अजून जिवंत आहे.

एक गोष्ट मात्र या कामात लक्षात ठेवावी लागते. कुरडईत आपण गव्हाचा स्टार्च ठेवतो आणि चिवट भाग चोथ्यात जातो. त्याच्या भुसवड्या होतात. पावाला नेमका तो चिवट भाग हवा असतो. म्हणून कुरडयांचा चीक पावाच्या उपयोगाचा नाही. त्यातली निवळ तेवढी घ्यायची, आणि पीठ नवं, चाळलेलं. आमच्या गिरणीचं पीठ जात्याच्या दगडांत तापून निघतं, त्याचा स्टार्च मोडतो, त्यामुळे ते मैद्यापेक्षा जास्त पाणी पितं. किलोभर पिठाला पाऊण लिटरच्या आसपास पाणी आणि वीस ग्रॅम मीठ. कणीक हाताला चिकटते, चपातीच्या कणकेची सवय असलेल्या बाईला ती बिघडली असं वाटतं. बिघडलेली नसते. तिला तासाभरानं चारी बाजूंनी घडी घालायची, पुन्हा तासाभरानं घडी, आणि ती आपोआप अंग धरते.

नगरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि आंबवण धावतं. युरोपात ज्या कणकेला रात्र लागते ती इथे चार तासांत आंबून खाली बसते. मी कणकेचं पातेलं पाणी भरलेल्या परातीत ठेवते आणि वर ओला पंचा टाकते, त्याची टोकं परातीत सोडते. हवा कोरडी असल्यानं पंचा पाणी ओढत राहतो आणि पातेलं गार राहतं. माठाचं जे शास्त्र तेच. रात्रभर असं ठेवून पहाटे भाजते. भाजायला जाड लोखंडी कढई आधी अर्धा तास ओव्हनमध्ये तापवते, कणकेचा गोळा त्यात उतरवते आणि वर दुसरी कढई पालथी घालते. कोंडलेल्या वाफेनं वरचं साल उशिरा कडक होतं, तोवर पाव वर येतो. वीस मिनिटांनी वरची कढई काढायची आणि साल गडद तपकिरी होईपर्यंत भाजायचं, फिकट ठेवायचं नाही. बुडावर बोटानं टिचकी मारली की पोकळ आवाज यायला हवा.

या पावात मी चौथा हिस्सा ज्वारी घालते. कोरडी नाही, भाकरीसाठी काढतो तशी उकड काढून, गार करून. ज्वारी पावाला उंच होऊ देत नाही, पण त्या उकडीनं पाव तीन-चार दिवस ओलसर राहतो आणि त्याला हुरड्याच्या शेतासारखा वास येतो. शेंगदाण्याच्या चटणीशी किंवा हिरव्या ठेच्याशी खाऊन बघा. लोण्याची आठवणही येत नाही.

अकोल्याच्या कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणांची बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठानं १९६८ पासून ज्वारीचे आणि गव्हाचे वाण जपले, नवे काढले. माझी फार इच्छा आहे की त्या विद्यापीठाच्या एखाद्या विद्यार्थ्यानं जिल्ह्यातल्या घरोघरच्या कुरडयांची निवळ गोळा करावी आणि तिच्यातले जीव कोणते ते तपासावं. पाथर्डीच्या खडकाळ रानातल्या गव्हावरचं यीस्ट आणि अकोल्याच्या ओल्या डोंगरातलं यीस्ट एकच असेल असं मला वाटत नाही. आता कुरडया विकतच्या येतात, यंत्रावर तयार स्टार्चपासून होतात, आणि घरोघरचं घंगाळ दर वर्षी कमी होत चाललं आहे. हे काम पुढच्या पिढीवर टाकण्यासारखं नाही.

तोवर माझ्याकडून जेवढं होईल तेवढं मी करते. आंबवण ऐन भरात असताना स्टीलच्या ताटावर पातळ पसरते आणि घरात सावलीत वाळवते, उन्हात नाही, कारण नगरच्या मे महिन्यातल्या उन्हात ते मरतं. वाळलं की पापुद्रे सुटतात. ते चुरून कागदाच्या पाकिटात भरले की महिनोन्‌महिने टिकतात. भाची पुण्याला असते, तिला मी पोस्टानं पाठवते. तिनं ते कोमट पाण्यात भिजवून, दोन दिवस पीठ खाऊ घालून जागं केलं, आणि आता तिच्या सोसायटीतल्या बायका तिच्याकडे वाटी घेऊन येतात.